शंभरातल्या एकशे एकसष्ट कांड्या

धातू तुटतो, हे माणसाला तो वितळवायला शिकल्या दिवसापासून माहीत आहे. न तुटणारा धातू मात्र फॉर्म क्रमांक नऊ छापून आल्यावरच शक्य झाला. त्याचं श्रेय धातू संशोधन संस्थेच्या मोठ्या साहेबांना द्यायलाच हवं.

फॉर्म तसा साधा आहे. बोटाएवढी कांडी यंत्राच्या जबड्यांत धरायची, ठरलेल्या वजनापर्यंत ताणायची आणि 'चाचणीनंतरची लांबी' या रकान्यात आकडा भरायचा. कांडी तुटली की तुकडे होतात दोन, रकाना असतो एक. साहजिकच फॉर्म अपूर्ण राहतो, आणि अपूर्ण फॉर्म हिशोबात धरू नये असा नियम आहे (तोही साहेबांचाच). लिफ्ट ज्या हुकाला लटकते, त्या हुकासाठी काढलेल्या नव्या मिश्रधातूच्या शंभर कांड्या ताणल्या. एकसष्ट तुटल्या. उरलेल्या एकोणचाळीसपैकी एकही तुटलेली नव्हती. म्हणजे यश शंभर टक्के. यापेक्षा चांगला निकाल कुणाला आला असेल तर त्यांनी जरूर कळवावं.

यंत्रावरच्या बाई सहा वर्षं तात्पुरत्या होत्या. या अहवालावर सही केली की कायम होणार होत्या. पण कांड्या तुटल्याचे एकसष्ट आवाज त्यांच्या कानात बसले होते, त्याला काय करणार? सगळे तुकडे जेवणाच्या डब्यात भरून त्या साहेबांकडे गेल्या.

"सर, निम्म्याहून जास्त तुटल्या हो."

"फॉर्म भरलेत त्यांचे?"

"भरताच येत नाहीत ना."

"मग तुटल्या हे कशावरून म्हणता?"

बाईंनी डबा टेबलावर रिकामा केला. साहेबांनी चष्मा लावला, एकेक तुकडा मायेनं उचलून पाहिला.

"हे तर एकशे बावीस स्वतंत्र नमुने झाले," ते म्हणाले, "आणि यातला एकही तुटलेला दिसत नाही. लांबी मोजा आणि भरा."

अहवालात नमुने एकशे एकसष्ट झाले, तुटलेले शून्य. (शंभर कांड्यांतून एवढं पीक आजवर कुठल्याच प्रयोगशाळेनं काढलेलं नाही.) बाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सही करायची आहे, लिफ्ट ओढायची नाहीये तुला." तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. त्यांना लाज वाटली, आणि तिच्याहून जास्त भीती.

वर्षभरात ते हूक गावोगावच्या इमारतींत बसले. बाई कायम झाल्या, आणि तेव्हापासून कुठेही गेल्या तरी जिन्यानंच चढतात, अगदी अकराव्या मजल्यावरसुद्धा, मध्ये थांबून दम खात.

परवा त्या तुमच्याच इमारतीत कुणाकडे तरी आल्या होत्या. तुम्ही लिफ्टचं दार धरून "या ना, जागा आहे" म्हणालात. सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, मग "नको, तेवढाच व्यायाम होतो" म्हणाल्या. तुम्हाला त्यांचं फार कौतुक वाटलं. मुलांना आत घेऊन तुम्ही बटण दाबलंत.