समेवर न येणारं गाणं

बर्लिनच्या एका नाटकात १९२८ सालापासून नोकरीला असलेलं एक गाणं गुरुवारी दुपारी मिरज स्टेशनवर उतरलं आणि चालत संगीत नाटक मंडळीच्या कचेरीत आलं. चालताना ते जरा लंगडत होतं. त्याचा ठेकाच तसा होता.

चिटणीस नलूताईंनी अर्ज पुढे ओढला. "विषय?"

"घराला आग लागलीय आणि घरमालकीण भाडेकरूंना कॉफी विचारतेय," गाणं घोगऱ्या आवाजात म्हणालं.

"करुण की विनोदी?"

"दोन्ही. एकाच ओळीत."

अर्जात तसा रकाना नव्हता. नलूताईंनी नियम सांगितला. रविवारी वन्स मोअर मिळाला तर कायम, नाहीतर सोमवारच्या गाडीनं परत.

तालमीत ऑर्गनवर मुरलीधर तारळेकर होता. गाणं अर्धं गायचं, अर्धं बोलायचं आणि गोड हसत चिमटा काढायचं. वीस वर्षांत कधीच एकत्र न दाबलेल्या तीन पट्ट्या मुरलीधरनं एकत्र दाबल्या आणि आनंदानं तो जागेवरच उडाला.

"हे गातंय का भांडतंय?" तबल्यावरच्या हुसेनचाचांनी विचारलं.

"काही का करेना, चाचा, याला जाऊ द्यायचं नाही!"

अडचण एकच होती. शेवटच्या ओळीत गाणं मध्येच थांबायचं. चाचांचा हात वरच राहायचा.

"अरे बाबा, समेवर ये की!"

"आमच्याकडे सम नव्हती," गाणं म्हणालं. "लोक तिथूनच घरी जायचे."

मिरजेत मात्र सम आल्याशिवाय मान हलत नाही, आणि मान हलल्याशिवाय टाळी पडत नाही.

रविवारी चारचा प्रयोग भरला. गाणं रंगलं, लंगडलं, घर पेटलं, कॉफी आली. आणि ते थांबलं. चाचांचा हात वर. चारशे माना वर. टाळी एकही नाही. विंगेत नलूताईंनी 'परत' लिहायला पेन उघडलं. मुरलीधरनं ते पाहिलं.

"अहो, सम द्या ना!" तिसऱ्या रांगेतल्या इंदुमती गोखले कळवळल्या. "मान अवघडली माझी!"

"आता थांबलं ते," मुरलीधर जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकांशी बोलला. "सम हवी तर पहिल्यापासून ऐकावं लागेल."

"मग वन्स मोअर!" बाई ओरडल्या. "वन्स मोअर!" सगळं थिएटर ओरडलं.

गाणं पुन्हा झालं आणि तिथंच थांबलं.

नलूताईंनी 'कायम' असा शिक्का मारला. आज शुक्रवार आहे. वन्स मोअरचा आकडा दोनशे सोळावर गेलाय. चाचांचा उजवा हात वरच असल्यामुळे सून डबा आणून भरवते. नव्या प्रेक्षकांसाठी मधल्या वाटेत खुर्च्या टाकल्यात.

"मुरल्या, या खेपेला येईल बघ सम," घास गिळत चाचा म्हणाले.

"येईल की," मुरलीधर म्हणाला, आणि त्यानं त्या तीन पट्ट्या दाबल्या.