तळ्याकाठी राहण्याचा गैरप्रकार

ऐरोलीचे श्यामसुंदर खानोलकर आणि त्यांच्या पत्नी सुचित्रा यांच्यावर तळ्याकाठच्या स्वतःच्या घरात राहिल्याचा आरोप होता. आरोप खरा होता. त्यांनी तो नाकारलाही नाही, त्यामुळे प्रकरण चिघळलं.

श्यामसुंदर पावणे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत खरेदी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ऐरोलीचा फ्लॅट विकला आणि घाटमाथ्यावरच्या 'नीलजल हिल्स लेक रिसॉर्ट कम्युनिटी'त एक बैठं घर घेतलं. जाहिरातीत डोंगर, तळं, धुकं आणि झोपाळ्यावर बसलेलं एक पिकल्या केसांचं जोडपं होतं. खाली लिहिलं होतं, 'या, निवांत जगा.' सुचित्राबाईंनी उभा जन्म ठाणे-बेलापूर रस्त्याचे हॉर्न ऐकण्यात घालवला होता. त्यांना ते वाक्य निमंत्रण वाटलं. बाकीच्या खरेदीदारांना ती जाहिरात वाटली, आणि त्यांचं बरोबर होतं.

टेम्पोतून कपाट, देव आणि फ्रिज घेऊन ते दोघं गेटवर पोचले, तेव्हा वॉचमनने नेहमीप्रमाणे विचारलं की परत किती वाजता निघणार. आम्ही राहायला आलोय, असं श्यामसुंदर म्हणाले. वॉचमनला काय करावं कळेना. संकुल तयार होऊन काही वर्षं झाली होती, पण असा प्रसंग आला नव्हता. त्याने खाली ऐरोलीच्या ऑफिसात फोन लावला, तिकडेही बराच वेळ कुणाला काही सुचलं नाही, आणि त्या गोंधळात कपाट आत गेलं.

पहिले काही महिने सुखाचे होते. सकाळी तळ्यावरून धुकं उठायचं आणि पाण्यात टिबुकल्यांचे थवे बुड्या मारायचे. श्यामसुंदर दाढी न करता फिरायला जायचे. सुचित्राबाईंनी मागच्या दारी कढीपत्ता लावला. दुपारी खिडक्या सताड उघड्या टाकून त्या झोपायच्या, आणि जाग आल्यावर काही क्षण त्यांना आपण कोण, कुठले, हेच आठवायचं नाही. इतकी गाढ झोप त्यांना माहेरी लागली होती, त्यानंतर इथे.

बाकीची सगळी घरं बंद होती. मालक ऐरोली, घणसोली, वाशीला राहत. त्यांनी घरं विकण्यासाठी घेतली होती आणि भाव चढायची वाट पाहत होते. ती विकून देण्याचं काम प्राची नावाच्या चटपटीत मुलीकडे होतं. शनिवार-रविवारी ती गिऱ्हाइकांच्या गाड्या वर आणायची. अशाच एका शनिवारी एका गिऱ्हाइकाने तळ्याचा फोटो काढला, आणि त्यात दोरीवर वाळत घातलेली श्यामसुंदरांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आली.

प्राची काही वेडंवाकडं बोलली नाही. गिऱ्हाईक तळं बघायला येतं काका, एवढंच म्हणाली. श्यामसुंदरांना ते पटलं. कपड्यांची दोरी मागच्या बाजूला गेली. पुढच्या आठवड्यात सुचित्राबाईंनी बोंबील तळले, तेव्हा एका बाईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं, की इथे माणसं राहतात का. प्राचीला खोटं बोलता आलं नाही. शांतता आहे म्हणाला होतात, असं सुनावून बाई गाडीत जाऊन बसल्या. खानोलकरांनी शनिवार-रविवार वरणभातावर काढायला सुरुवात केली.

मग घरमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष बाजीराव स्वतः भेटायला आले. त्यांचा खोकी बनवायचा कारखाना होता आणि नीलजलमध्ये चार घरं होती. माणूस सभ्य. चहा घेतला, कढीपत्त्याचं कौतुक केलं आणि मग दिव्याचा विषय काढला.

"हे बघा, सगळीकडे अंधार असला की निसर्ग वाटतो," ते म्हणाले. "तुमच्या एका घरात दिवा लागला की बाकीची घरं रिकामी वाटायला लागतात."

श्यामसुंदरांनी जाड पडदे शिवून घेतले. संध्याकाळी पडद्याआड बसून दोघं हळू आवाजात बातम्या ऐकायचे. आपल्याच घरात आपण लपून बसलोय असं सुचित्राबाईंना वाटे. पण जागा छान होती, हवा छान होती, आणि नवऱ्याला हे बोलून दाखवायचं त्यांच्या जिवावर यायचं.

शेवटी श्यामसुंदर आजारी पडले, तेही रविवारी. ताप उतरेना, म्हणून सुचित्राबाईंनी रुग्णवाहिका बोलावली. ती सायरन वाजवत तळ्याकाठच्या रस्त्याने आली, तेव्हा प्राची एका कुटुंबाला इथली हवा दम्याला कशी चांगली आहे ते समजावत होती. ते बुकिंग गेलं. मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांनी हात जोडून काकांना लवकर बरं वाटावं अशी प्रार्थना केली आणि तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली.

सभा ऐरोलीत झाली, कारण नीलजलचे सभासद नीलजलमध्ये राहत नसत. खानोलकर दोघंच तेवढे घाट उतरून आले. श्यामसुंदरांचं अंग अजून लटपटत होतं. बाजीरावांनी ठराव वाचला, की संकुलात राहणे हा संकुलाच्या निवासी स्वरूपास बाधा आणणारा प्रकार असून त्यामुळे शांततेची विक्री करणे अवघड झाले आहे. त्यावर चर्चा झाली. काका-काकूंबद्दल सगळेच फार आदराने बोलले. घरात राहू नका असं कायद्याने सांगता येत नाही, हे वकील असलेल्या एका सभासदाने स्पष्ट केलं. पाणी मात्र संघटनेचं होतं. ते फक्त शनिवार-रविवारी कारंज्यासाठी सोडावं, असं ठरलं.

सुचित्राबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यात कुठल्या सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"तुमच्यापैकी तिथे राहायला कधी कोण येणार आहे?"

मागून एक तरुण, अगदी मायेने, म्हणाला, "काकू, ते राहण्यासाठी नाहीये. ते इन्व्हेस्टमेंट आहे."

ठराव मंजूर झाला. नंतर वडा आणि कॉफी होती.

त्या दोघांनी तळ्यातून बादल्या भरून उन्हाळ्यापर्यंत रेटलं. मग तळं आटलं. जाहिरातीत ते आटत नाही, त्यामुळे हे कुणाला ठाऊक नव्हतं. भेगाळलेल्या चिखलाकडे पाहत एका सकाळी सुचित्राबाई म्हणाल्या, विकू या. श्यामसुंदरांनी मान हलवली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

विकायचं म्हणजे घर कोरं हवं, असं प्राचीने सांगितलं. सुचित्राबाई कामाला लागल्या. ओट्यामागचे तेलाचे डाग त्यांनी घासून काढले, खिळे उपटून भोकं बुजवली, देव्हाऱ्याखालची हळदीकुंकवाची खूण पुसली. कढीपत्ता मुळासकट उपटताना तो सहजी निघाला नाही, तेव्हा त्या तिथेच खाली बसल्या. श्यामसुंदरांनी येऊन तो काढला आणि त्या जागी हिरवळीचा तुकडा अंथरला.

खरेदीदार प्राचीच्या ऐरोलीच्या ऑफिसातच आले. घर बघायला वर जायची त्यांना गरज वाटली नाही, व्हिडिओ पाहिला होता. सह्या करण्याआधी त्यांनी एकच गोष्ट विचारली, की घर वापरलेलं तर नाही ना.

प्राचीने श्यामसुंदरांकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं.

"नाही," सुचित्राबाई म्हणाल्या. "तिथे कधीच कुणी राहिलेलं नाही."

सह्या झाल्या. पेढे वाटले.

खरेदीदाराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. सज्जन माणूस आहे. पुस्तकं वगैरे वाचतो. आत्ता इथवर वाचताना त्याला त्या म्हाताऱ्या जोडप्याबद्दल वाईटही वाटलं असेल. आलेल्या पैशात ऐरोलीत घर येत नाही, म्हणून ती दोघं सध्या भाड्याने जागा शोधताहेत. तुमचा तिसऱ्या मजल्यावरचा दुसरा फ्लॅट रिकामाच असतो, असं त्यांच्या कानावर आलं आहे. तुम्ही काय उत्तर देणार, याचा अंदाज असल्याने त्यांनी अजून बेल वाजवलेली नाही.