फोटो तिरका धरणारे बापट सर

कुणाच्याही घरी गेले की बापट सर आधी भिंतीकडे वळतात. जुना फोटो दिसला की तो उतरवतात, खिडकीशी नेऊन तिरका धरतात आणि मग यजमानांना म्हणतात, "नमस्कार."

लोणावळ्यात ते आमच्या शेजारी एकटेच राहतात. रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. खिशात भिंग आणि लोहचुंबक. चुंबक ओढला गेला, तर फोटो पत्र्यावरचा. कागद पातळ आणि पांढरा भाग पिवळट पडलेला असला, तर अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप दिलेला. फोटोत कोण आहे, हे मात्र विचारायचं नाही. "चेहरा सोडा, कडा बघा!"

तळेगावात एका तेराव्याला गेलो होतो. लोक फुलं वाहत होते. सरांनी हार बाजूला सारून भिंग लावलं आणि गेलेल्यांच्या पत्नीला सांगितलं, "इंकजेट आहे. उन्हात ठेवू नका."

मी टाकव्याच्या शाळेत शिकवते. तिथल्या हौसामावशींकडे त्यांच्या सासऱ्यांचा जुना फोटो आहे, म्हणून एकदा सरांना घेऊन गेले. फोटोच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक होती.

"कागदातली चांदी वर आलीय," सर म्हणाले. "ओल लागतेय. कपाटात ठेवा, अंधारात. टिकेल."

"कपाटात? मंग मी बगू कवा?" मावशी म्हणाल्या. "तुमी तुमच्या मान्सांचं फोटू कुटं ठेवता?"

"बायकोचा एकच आहे. रंगीत. रंग उडू नयेत म्हणून कपाटात ठेवलाय. ती गेल्यापासून बाहेर काढला नाही."

"आन घरात कोन कोन?"

"मीच."

मावशींनी फोटो त्यांच्या हातातून घेतला, पदरानं काच पुसली आणि भिंतीला लावला. "लय जपलंत भाऊ," एवढंच म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बाहेरच्या खोलीत, मोकळ्या भिंतीवर एकच फोटो होता. कार्ल्याच्या पायऱ्यांवर बसून हसणारी एक बाई. पायऱ्या, झाडं, आभाळ, सगळं गुलाबी पडलं होतं.

"अंधारातही रंग उडतात," सर म्हणाले. "ठाऊक होतं मला. हळू उडतात, एवढंच."

मग बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले.

"ही सुधा. साडी निळी होती हो. तुम्ही निळीच समजा."