क्ष-किरण यंत्राची खंडेनवमी

तनुजा प्रयोगशाळेत शिरली आणि दारातच तिचं डोकं फिरलं. ज्या क्ष-किरण यंत्राची तारीख मिळवायला तिने अख्खा पावसाळा अर्ज केले होते, त्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, वर झेंडूची माळ होती आणि मेन स्विच बंद होता.

"दौलतराव, हे काय?"

"खंडेनवमी न्हाई का, ताई? आज मशीनला विसावा. सायबांची ऑर्डर हाय." ऑपरेटर दौलतरावांची उमर चाकणच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेलेली. "तिकडं एवढाल्या प्रेसा थांबत्यात, हे तर कपाटाएवढं."

"मग मला आजची तारीख दिली कशाला? परवापासून औषध कंपन्यांचं बुकिंग आहे, पार दिवाळीपर्यंत!"

संताप रास्तच होता. तिच्या हातातल्या काचपट्टीवर आर्सेनिकच्या एका दुर्मीळ खनिजाचा कण होता. त्याच्या आत अणू कसे रचलेत हे या यंत्रावरच कळणार होतं. ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जर्मनीतली काही मंडळी तिच्याआधी ते शोधून काढायच्या बेतात होती. धड स्फटिक सापडला होता हा एकच. बारीक साखरेच्या कणाएवढा, आणि तसाच पांढरा.

"विज्ञानाच्या प्रयोगशाळेत यंत्राला सुट्टी! लाज वाटायला हवी!" असं म्हणून तिने टेबलावर हात आपटला. नेमका काचपट्टीचाच हात आपटला. कण उडाला तो थेट यंत्रापुढे वाटीत ठेवलेल्या प्रसादाच्या साखरेत.

"प्रसाद कुणी खाऊ नका! विष आहे त्यात!"

"सणासुदीला परसादात ईष?" आता दौलतरावही चिडले.

साखर पाण्यात विरघळेल, खनिज विरघळणार नाही, एवढं तनुजाला सुचलं. तिने वाटी टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात उपडी केली, ढवळली आणि गाळायचा कागद आणायला आत धावली. दौलतराव फणफणत विस्कटलेली माळ सरळ करू लागले.

तेवढ्यात विभागप्रमुख उद्धवराव आले. ताथवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तापून आलेले. समोर पेला दिसला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला.

"सरबतात लिंबू कोण घालणार?" ते खेकसले.

"सर, त्यात आर्सेनिक होतं!" कागद घेऊन आलेली तनुजा किंचाळली.

उद्धवराव मटकन बसले. तनुजाने पेला उजेडात धरला. तळाशी एक कण चिकटला होता.

"राहिलाय, सर! हा बघा!"

"कशावरून? साखरेचा असला तर?"

"यंत्रावर लावला की दहा मिनिटांत कळेल. पण आज विसावा आहे ना. तुमचीच ऑर्डर."

"खड्ड्यात गेली ऑर्डर! दौलतराव, स्विच!"

"सायेब, पण खंडेनवमी..."

"मग काय माझं तेरावं घालताय?"

दौलतरावांनी माळ उतरवली, यंत्राला हात जोडले आणि स्विच ओढला.

कण साखरेचा नव्हता. तनुजाने मग यंत्र थांबवलंच नाही. संध्याकाळी पडद्यावर सगळे अणू आपापल्या जागी उभे राहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर खुर्चीला खिळून बसलेले उद्धवराव उठले, त्यांनी शर्ट सारखा केला.

"शोधनिबंधात पहिलं नाव माझं."

"तुमचं? तुम्ही काय केलंत, सर?"

"काय केलं म्हणजे?" उद्धवराव कडाडले. "साखर कोणी वेगळी केली?"