मुंजाजीला लंडनचा मालक दाखवतो!

परभणी जिल्ह्यात वर्गसंघर्ष आणायचा तर तो मीच आणणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती! लोक मोर्चे काढतात, घसे फोडतात, पोलिसांच्या काठ्या खातात. मी हे सगळं एका व्हिडिओ कॅसेटवर भागवणार होतो.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी सेलूच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि गावाहून लुनावर ये-जा करायचो. पुढच्या महिन्यात एका चर्चासत्रात मला निबंध वाचायचा होता. विषय, 'ब्रिटिश दूरदर्शन मालिकांतील वर्गचित्रण आणि राजकीय विचारसरणी'. विषय मी मुद्दाम निवडला होता. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून हवा अशी तापलेली, की हॉटेलात दोघं शेजारी बसले तरी आधी कोण कुठल्या बाजूचा ते बघत आणि मगच चहा सांगत. इथल्या अन्यायावर तोंड उघडावं तर कुणीतरी दुखावणार. लंडनच्या अन्यायावर कितीही कडक बोला, सेलूत कोण दुखावतंय?

कॅसेट पाठवली होती बन्सीधरनं. हा माझा मावसभाऊ, लंडनला डॉक्टर. तिकडच्या टीव्हीवर चाललेली एक मालिका त्यानं माझ्यासाठी तीन तास टेप केली होती. एक मोठ्ठं घर, वरच्या मजल्यावर साहेबाचं कुटुंब, तळघरात त्याचे नोकर. वरचे खातात, खालचे राबतात. मी ठरवलं, ही मालिका गावाला दाखवायची, गावाचा संताप वहीत टिपून घ्यायचा आणि तो निबंधात घालायचा!

आता तुम्ही काही परके नाही, म्हणून खरं सांगतो. आणखी एक कारण होतं. मुंजाजी!

मुंजाजी आमचा सालगडी. चौदा एकर रान, दोन बैल, एक म्हैस आणि खरं म्हणजे मीसुद्धा, हे सगळं त्याच्या जिवावर चाललं होतं. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपतं. त्या दिवशी तो 'राहतो' म्हणाला तर पुढचं वर्ष तुमचं. नाही म्हणाला तर घोंगडी खांद्यावर टाकतो आणि दुसऱ्याच्या दारात जातो. पाडवा आठवड्यावर आलेला, आणि मी विचारलं की मुंजाजीचं एकच उत्तर.

"बगू की, सर."

सकाळी विचारलं, "बगू की." बैलांना पाणी पाजताना विचारलं, "बगू की." या 'बगू की'नं माझं अन्न गोड लागेना. मी अंगणात येरझाऱ्या घालायचो, मधेच बसायचो, पुन्हा उठायचो.

"तुम्हाला बघूनच मला घेरी येते," ज्वारी निवडता निवडता आमची कमल म्हणाली. "आणि ऐकून ठेवा. मुंजाजी गेला तर औत तुम्ही धरायचं. कॉलेजात मी जाईन."

"जाईलच कसा? माझ्यासारखा मालक त्याला मिळणार कुठं? अगं, गोठा झाडताना त्याची पिळवणूक कशी होते ते मी त्याला रोज समजावून सांगतो!"

"पण झाडायला हात लावत नाही ना?"

बायकांना सिद्धांतातलं काही कळत नाही, असं तेव्हा माझं मत होतं. मी मात्र डाव आखला होता. लंडनच्या मालकाचे जुलूम एकदा डोळ्यांनी पाहिले की मुंजाजीला माझी किंमत कळेल, आणि तो धावत येऊन म्हणेल, "सर, राहतो!"

परभणीहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. वीज दिवसाच असायची, म्हणून खेळ दुपारी ठेवला. पण भर दुपारी अंधार आणायचा कुठून? गावात दिवसाचा अंधार फक्त दिनकररावांकडं होता. म्हणजे त्यांच्या कापसाच्या गोदामात! दिनकरराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. ज्यांच्याविरुद्ध क्रांती करायची, ते हेच. पण माणूस दिलदार. त्यांनी गोदाम दिलं, सतरंज्या दिल्या आणि टीव्हीपुढं नारळही स्वतःच फोडला.

दीडशे माणूस जमलं. इंग्रजी कुणाला कळणार नाही, म्हणून मी माईक हातात घेतला.

"मित्रहो! शोषक आणि शोषित..."

"सर, आवाज कमी करा, चित्र दिसंना गेलंय!" मागून कुणीतरी ओरडलं.

पडद्यावर पहिलाच माणूस आला तो काळ्या कोटातला. हातात पांढरे मोजे, मान ताठ, चारचौघांना हुकूम सोडतोय.

"ह्यो मालक," सगळं गोदाम एका सुरात म्हणालं.

"नाही! हा नोकर. मुख्य नोकर."

"कोट घालून?"

"हो!"

"मग मालक कोन?"

तेवढ्यात खरा साहेब आला. कोपरावर ठिगळ लावलेलं जुनं जाकीट, बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल, मागं एक कुत्रं.

"हा बघा मालक!"

गोदाम हसून हसून लोळलं. "सर, थट्टा करायलात काय! ह्यो तर राखन्या दिसायलाय!"

मालक कोण हे पटवण्यातच माझी दहा मिनिटं गेली. मग तळघर आलं. मी आवाज भरून आणला. नोकर जेवायला बसले होते. लांबलचक टेबल, प्रत्येकाला खुर्ची, समोर चिनी मातीचे कप.

"बघा, या अंधाऱ्या तळघरात..."

"थांबा वो सर!" पुढं बसलेली केवळाबाई उठलीच. केवळाबाई म्हणजे मुंजाजीची बायको. आमच्याच रानात खुरपायला यायची आणि जीभही खुरप्यासारखीच चालवायची. "ह्या बाया कामाच्या हायत का पाव्हन्या?"

"कामाच्या."

"मंग पायात बूट?"

"तिकडं थंडी असते. पण केवळाबाई, ती बिचारी पोरगी पहाटे साडेपाचला उठते!"

"आमी चारला उठताव."

"तिला जिन्याखालची एवढीशी खोली..."

"तिची एकलीची? कडी असलेली?"

"हो, पण रविवारी दुपारी तेवढी सुट्टी!"

सगळे सालगडी एकमेकांकडं बघत होते. कोपऱ्यातून येडबा, हा दिनकररावांचा गडी, हळूच म्हणाला, "दर रईवारी?"

पण मालिकेत माझं एक हुकमी पान शिल्लक होतं. साहेबाचा मुलगा! हा शिकलेला, गरिबांच्या बाजूचा. तो घंटी वाजवून चहा मागवतो आणि चहा घेऊन आलेल्या पोरीला श्रमिकांच्या मुक्तीबद्दल सांगतो. मी माईक तोंडाशी धरला आणि त्याचं सबंध भाषण जीव ओतून मराठीत केलं. अंगावर काटा आला. माझ्या!

पडद्यावरची पोरगी जड ट्रे हातात धरून उभी. भाषण संपेना.

"आरं, आधी तिच्या हातातलं ताट तर घी की भाड्या!" केवळाबाई कडाडली.

आणि दीडशे माणूस असं हसलं, की माझा आवाज त्यात बुडून गेला. हसता हसता दोघं-चौघं माझ्याकडंच का बघायला लागले, ते मला कळलं नाही. वहीत लिहून घ्यायला संताप मात्र कुठंच सापडला नाही.

निघताना दिनकररावांनी पाठीवर थाप मारली. "लय बेस खेळ, सर! त्या घंटीवर आपलं दिल आलंय बगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैठकीपासून गोठ्यापर्यंत दोरी ओढून टोकाला बैलाची घंटा बांधली. घंटा वाजली की येडबानं हजर व्हायचं. पण घंटा वाजली की वैरण आली असं समजून गोठ्यातले आठही बैल उठून हंबरायला लागले! शिवाय दिनकररावांनी ट्रंकेतून आपल्या लग्नातला काळा कोट काढून येडबाला चढवला. मार्चचं ऊन, अंगात लोकरी कोट आणि डोक्यावर शेणाची पाटी! येडबा सावली दिसली की कोट काढायचा आणि घंटा वाजली की घालून पळायचा.

आणि पाडव्याच्या तीन दिवस आधी गावातले सगळे सालगडी मारुतीच्या पारावर गोळा झाले. लंडनप्रमाणे मिळाल्याशिवाय औंदा कुणी साल धरणार नाही! बसायला खुर्ची, रविवारी दुपारून सुट्टी आणि चहाला कान असलेला कप. आमच्याकडं गड्याचा कप म्हणजे कान तुटलेलाच, ती जुनी रीत.

मला तर आनंदानं नाचावंसं वाटलं. संप! गावातला पहिला संप, आणि तो माझ्यामुळं! मी धावत पारावर गेलो. त्यांना लिहिणारा कुणी हवाच होता. मी खिशातून पेन काढलं आणि मांडी घालून झोकदार मागणीपत्रक लिहिलं. "आम्ही खाली सही करणारे, खालील जुलमी मालकांविरुद्ध..." मालकांची नावं मुंजाजी एकेक करून सांगत होता.

"दिनकरराव."

"लिहिलं!"

"व्यंकटराव."

"लिहिलं! पुढं?"

मुंजाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "पुढं तुमी, सर."

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, जुलमी मालकांत स्वतःचं नाव लिहिलं.

त्याच दुपारी दिनकररावांच्या बैठकीत मालकांची सभा भरली.

"सर," दिनकरराव म्हणाले, "तुमी मालकांकडून का गड्यांकडून?"

"तत्त्वतः मी..."

"तत्त्व ऱ्हाऊ द्या. बसायलात कुठं?"

मी मालकांच्या गादीवर बसलो होतो. उठलो. पण गडी दाराबाहेर उभे होते आणि तिथं ऊन होतं. पुन्हा बसलो. नंतर सबंध सभा मी उंबऱ्याजवळ अर्धा उभा, अर्धा वाकलेला राहून काढली. कमरेत उसण भरली ती वेगळीच.

मला वाटलं होतं, दिनकरराव आता गरजणार आणि मी मध्यस्थी करून दोन्हीकडून शाबासकी घेणार. पण त्यांनी कागद वाचला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बस, येवढंच? कुर्सी लाकडाची, घ्या. कप घ्या. रईवारी दुपारून कोन कामं करतंय तसंबी? मंजूर! येडबा, त्यो कोट तेवढा घालत जा बाबा."

पाच मिनिटांत क्रांती संपली! जमीनदार दिलदार ठरला, आणि मी? माझ्या पायाखालची वाळू सरकली. कारण दिनकररावांना आणखी एक गडी हवा होता, आणि बाहेर पडताना त्यांनी मुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला.

पुढचे दोन दिवस मी तापलेल्या तव्यावर काढले. दिनकररावांनी लाकडी खुर्ची दिली, मी मुंजाजीला माझी वेताची दिली. त्यांनी एक कप दिला, मी सेलूहून सहा आणले, बशांसकट! त्यांनी अर्धा रविवार दिला, मी सबंध दिला. कमल म्हणाली, "आता मलापण सालावर ठेवा." मी रोज गोठ्यात जाऊन या सवलतींमागची भूमिका मुंजाजीला खुलासेवार सांगितली. एकदा तर म्हशीची धार काढून होईपर्यंत सांगितली. मुंजाजी ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बगू की, सर."

पाडवा उजाडला. गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला. मुंजाजी आला. बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, खुंटीवरची घोंगडी काढली आणि खांद्यावर टाकली.

मी धावत आडवा गेलो. "मुंजाजी? अरे, खुर्ची?"

"खुर्ची झ्याक हाय. कमलताईला बसू द्या."

"सहा कप..."

"तोंड एकच हाय, सर."

"दिनकररावांकडं चाललास? अरे, ते आईमाईवरून शिव्या देतात!"

"देतेत की."

"मी तुला कधी 'अरे'च्या पुढं काही बोललो? तुझ्यासाठी त्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं! मग माझ्यात कमी काय आहे?"

मुंजाजीनं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग अगदी मायेनं, पोराला समजवावं तसा बोलला.

"राग नका धरू, सर. दिनकरराव शिवी देतेत अन् घरात जातेत. घटकाभराचं काम. तुमी बोलायला बसलाव की दिवेलागन व्हतीय. दिवसभर औत हानायचं, अन् वरून माजं हाल कसं व्हायलेत ते तासभर हुभं ऱ्हाऊन ऐकायचं. मला ते ठावं हाय की वो! दोन-दोन कामं न्हाई झेपत आता."

मला फार वाईट वाटलं. रडूच येणार होतं. पण त्याहून जोरात काय आलं असेल, तर उत्तर! यावर बोलण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं, किमान चार मुद्दे तरी. मी पहिला मुद्दा सुरू केला, तोवर मुंजाजी फाटकाबाहेर पोचला होता.

चर्चासत्राला जाणं झालं नाही. त्या दिवशी नांगरट होती. गडी काही मिळाला नाही, तेव्हा कॉलेज सुटलं की औत मीच धरायचो. हाताला फोड आले, नांगराचे तास वाकडे जायचे, बांधावरून माणसं सल्ले द्यायची. बोलायची सवय मात्र सुटली नाही. तासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी बैलांना त्यांची पिळवणूक समजावून सांगत असायचो, आणि ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. न ऐकून करतील काय! बैलांना पोळा असतो, पाडवा नसतो.