कादंबऱ्यांचे मोजणीदार

सकाळी सकाळी बेल वाजवून साखर मागणारे शेजारी सगळ्यांनाच असतात. आमचे गायकेकाका पंच मागतात.

"वैशाली, पाच मिनिटं ये बरं. पंच पाहिजे."

त्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवू नका. एकदा मी कणीक अर्धवट मळून गेले, परत आले तोवर ती काळी पडली होती.

काकांची उभी हयात जमीन मोजणी खात्यात गेली. रिटायर होऊन गारखेड्यात आमच्या समोरचा फ्लॅट घेतला, आणि मोजायला बांध उरले नाहीत म्हणून कादंबऱ्या मोजायला लागले. इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना, कोणीही यावं, लिहावं, खोडावं असा? त्यातले जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांवरचे लेख खरे की खोटे, हे काका तपासतात. पद्धत खात्याचीच. लेख म्हणजे नकाशा, कादंबरी म्हणजे जमीन. आधी अख्खी कादंबरी चालून यायची. मग पंचानं, म्हणजे मी, मोबाइलवर लेखातलं वाक्य वाचायचं, काकांनी पुस्तकात त्या जागी बोट ठेवायचं, आणि जुळलं तरच पुढं.

"अहो काका, इतक्या लोकांनी मिळून लिहिलंय, बरोबरच असेल की!"

"जागेवर जाऊन पाह्यलं का कुणी? नाय ना? मग!"

एकदा लेखात नायकाला दोनच भाऊ निघाले. काका ताडकन उठले. "तिसरा कुठंय? उताऱ्यावरून नावच गायब! असाच गिळतात बघ हिस्सा." बिचारा तिसरा भाऊ कादंबरीत दीड पान जगतो, खोकतो आणि जातो. पण काकांनी त्याची नोंद घातली. कुणीतरी ती खोडली. काकांनी पान क्रमांकासकट परत घातली. आठवडाभर ही भाऊबंदकी चालली. शेवटी त्या खोडणाऱ्यानं "तुमचंच बरोबर आहे" असं लिहिलं, तेव्हा काकांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. हसा खुशाल, मीही हसले. पण जो कधी जन्मालाच आला नाही त्याचाही हक्क बुडालेला ज्याला सोसत नाही, अशा माणसाबद्दल मला लई आदर वाटतो.

काकूंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून दुपारी काका त्यांना कादंबरी वाचून दाखवतात. मध्यंतरी काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि त्या अडूनच बसल्या. मेले तर घरात मरीन, म्हणाल्या. डॉक्टर थकले, लेक रडली. मग एक दिवस आपणहूनच तयार झाल्या.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी काका औषधं आणायला गेले होते आणि मी काकूंपाशी बसले होते. "ह्यांनी आत्ता वाचली ना ती कादंबरी, तिच्याबद्दल काय लिहिलंय बघ गं," काकू म्हणाल्या. मी आपली वाचत सुटले. शेवटच्या वाक्यात नायिका ऑपरेशनच्या टेबलावरच दगावते.

काकू उठूनच बसल्या. "साफ खोटं! बरी होऊन घरी येती ती. अंगणात मटकी निवडत बसती. तिचंच ऐकून तर मी व्हय म्हणले!"

तेवढ्यात काका दारात आले.

"अहो, काय लिहिलंय हे मेल्यांनी? आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा."

काका माझ्याकडं बघेनात. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल घेतला, एकेक अक्षर टाइप केलं. "केलं गं."

पण काकूंनी संसार कुणाबरोबर केलाय! "वैशाली, तू वाच."

मी वाचलं. नायिका बरी होऊन घरी परतली होती. काकू समाधानानं आडव्या झाल्या.

काका गॅलरीत गेले, त्यांच्या मागोमाग मीही. त्यांनी ते वाक्य खोडून जुनं परत बसवलं आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "पाहून घे. लोकांना खोटं नको जायला." मग कठड्याला टेकले. "शेवटचं पान समोर होतं, पोरी. माझ्याच्यानं वाचवलंच नाय. तोंडाला येईल ते बोलत गेलो. मटकी बी मीच घातली."

मला रडू आवरेना.

आतून काकूंची हाक आली, "अहो, परत कुणी खोडणार तर नाय ना?"

काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "कोण खोडतंय! मी हाय ना इथं," म्हणाले, आणि आत जाऊन त्यांचा हात धरून बसले.