कोपऱ्यातला उंट

बुद्धिबळ क्लबाच्या अंतिम सामन्याला दोघेही हरायचं ठरवूनच बसले होते. क्लबाचा नियमच तसा होता. जो जिंकेल तो वर्षभर चिटणीस. म्हणजे दर रविवारी खुर्च्या मांडा, चहा सांगा आणि वर सगळ्यांची बोलणी खा. उपांत्य फेरीत तर दोघांचेही प्रतिस्पर्धी ऐन वेळी आजारी पडले होते. आपणहून हार मानायला अर्थातच बंदी होती.

पांढरी मोहरी प्लंबरकडे होती. रविवारी सायकल शिकवतो म्हणून लेकीला दिलेला शब्द त्याने इतक्यांदा मोडला होता, की तिने आता अबोलाच धरला होता. या वेळी काय वाटेल ते झालं तरी हरायचंच! समोर होते दातांचे डॉक्टर, म्हणजे सध्याचे चिटणीस. तेही सुटकेसाठी कासावीस झालेले.

मधली प्यादी सोडून प्लंबरने कडेचं प्यादं सरकवलं आणि उंट कोपऱ्याशी नेऊन ठेवला.

"ही कसली सुरुवात?"

"असू दे हो. पडेल तिथे निवांत."

मग त्याने हत्ती फुकट देऊ केला.

"डॉक्टर, हत्ती बघा की!"

"राहू दे. गरीब आहे बिचारा."

उलट डॉक्टरांनी राजापुढची प्यादी एकेक करून हाकलून राजा उघड्यावर आणला. कोपऱ्यातल्या उंटाचा नेम थेट त्याच्यावर, मध्ये फक्त प्लंबरचाच घोडा! प्लंबरने घाबरून घोडा तिथेच ठेवला आणि भलतंच प्यादं सरकवलं. डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला आणि वजीर पुढे आणला.

"शह!"

प्लंबर हरखला. मग त्याने पट नीट पाहिला आणि त्याला घाम फुटला. त्याचा राजा स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडला होता. सुटायचं तर घोड्याने वजीर मारायचा, आणि घोडा हलला की उंटाची वाट मोकळी, डॉक्टरांच्या राजावर थेट मात.

"दुसरी खेळी नाहीच?"

"शोधा की. मी इतका वेळ तेच तपासत होतो."

प्लंबरने रडवेल्या चेहऱ्याने मात केली. डॉक्टरांनी त्याला मिठीच मारली.

पुढच्या रविवारी नवे चिटणीस खुर्च्या मांडत असताना फोन वाजला. डॉक्टरांची बायको होती.

"भाऊजी, ह्यांना काहीतरी पद द्या हो! सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावतायत. मला मीठ सापडत नाहीये."

"सहचिटणीस चालेल, वहिनी?" असं पद क्लबात आजवर नव्हतं. "काम तेच. सगळं."

"चालेल! कधी पाठवू?"

"आत्ताच पाठवा," प्लंबर चपला शोधत म्हणाला, "मी निघालोच आहे."